भिंतीतली शिवण

त्या घरातल्या प्रत्येक बटणाला स्वभाव होता, आणि स्वभाव म्हटला की नाव आलंच. स्वयंपाकघरातला बल्ब मिक्सर सुरू झाला की मान खाली घालायचा, तो लाजरा. मोरीतला नळ ओल्या हाताने धरला की बोटांना झिणझिण्या यायच्या, त्याला सगळे चिमटेकाका म्हणत. आणि दारामागचं बटण एका दाबात कधी म्हणजे कधी लागायचं नाही, ते रुसूबाई. ही सगळी बारशी वडिलांनी केलेली. शिंपी माणूस, दिवसभर मान खाली घालून मशीन चालवायचा, बोलायला जवळ कोणी नाही, म्हणून घराशीच गप्पा मारायचा. पोरं त्या गप्पा ऐकत वाढली. विजेला घाबरायच्या वयात त्यांना तिचं कौतुक वाटत राहिलं.

रुसूबाई हे नाव खरं तर लेकीचं. लहानपणी तिचं नाक जरा काही झालं की फुगायचं आणि मग पहिल्या हाकेला ती कधी ओ द्यायची नाही. “रुसूबाईला दोनदा विचारावं लागतं,” असं म्हणत वडील बटण दोनदा दाबायचे. पुढे लेक मोठी झाली, संसाराला लागली, केसांत रुपेरी बटा आल्या, आणि रुसायला सवड मिळेना. बटणाने मात्र आपला बाणा सोडला नाही.

वडील गेल्यानंतर यंदा ती पहिल्यांदाच चार दिवस आईकडे राहायला आली. घरात शिरली, न बघता दारामागे हात घातला आणि बटण दोनदा दाबलं. आत चर्र असा बारीक आवाज झाला, दिवा लागला. तिला भरून आलं. घराने आपल्याला ओळखलं, असंच वाटलं तिला.

दुपारी वडिलांच्या कामाच्या खोलीत गेली, तर वास आला. मासळी शिळी झाली की येतो तसा, पण बारीक. आईने शेजाऱ्यांवर ढकललं. दुसऱ्या दिवशी वास पुन्हा आला, आणि शेजाऱ्यांच्या दाराला तर कुलूप होतं. मग लेकीने नाकाचा माग काढला. वडिलांचं मशीन धाकट्या भावाने कुणालातरी देऊन टाकलं होतं, आणि त्या कोपऱ्यात आईसाठी हा मोठा थोरला फ्रिज आणून ठेवला होता. फ्रिजची पिन वडिलांच्या इस्त्रीच्या प्लगमध्ये होती. गिझरची वायरही लांबून तिथेच आणलेली. भावाची हौस दांडगी, पण घाईही तशीच. प्लगच्या पांढऱ्या कडेवर चहाचा डाग पडावा तसा तपकिरी रंग चढला होता. तिने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

आता गंमत बघा. हीच बाई स्वतःच्या घरी दिवा एकदा फडफडला, तर नवऱ्याला जेवणावरून उठवून वायरमनकडे धाडायची. आणि इथे? चर्रचर्र, झिणझिण्या, मान टाकणारा बल्ब. जन्मभर घर ओरडून सांगत होतं आणि ही सगळी मंडळी त्याला टोपणनावं ठेवत बसली होती. आई या घरात एकटी राहते, दार आतून लावून झोपते, हे तिला आत्ता नव्याने कळल्यासारखं झालं.

तिने फ्रिज आणि गिझर बंद केले आणि वायरमनला बोलावते म्हणून सांगितलं. आई कशालाच नाही म्हणाली नाही. चिमटेकाकांना काढ, लाजऱ्याला काढ, रुसूबाईलाही हवं तर काढ. फक्त इस्त्रीचा प्लग असलेल्या त्या एका भिंतीला हात लावायचा नाही. का, ते सांगेना. दूध नासेल म्हणून फ्रिज मात्र तिने लेकीची पाठ वळताच पुन्हा लावला, आणि गिझरही.

कारण कळलं ते दुपारी, आई आडवी झाली तेव्हा. तिची खाट त्याच भिंतीच्या अलीकडच्या बाजूला होती. आई पाठ भिंतीला लावून, अगदी चिकटून झोपली होती. लेकीने भिंतीवर हात ठेवला. भिंत ऊबदार होती.

“हे पलीकडे इस्त्री करायचे ना, तेव्हा भिंत अशीच लागायची,” आई डोळे न उघडता म्हणाली. “सगळा जन्म मी या उबेला पाठ देऊन झोपले. ते गेले आणि भिंत गार पडली. मग मध्यंतरी एक दिवस टेकले तर पुन्हा ऊब. मी काही वेडी नाही गं, ते गेले हे मला कळतं. पण पाठ टेकली की बरं वाटतं. तेवढं राहू दे.”

ही ऊब आतल्या तापलेल्या वायरीची आहे हे लेकीला ठाऊक होतं, आणि ती काढून घेणं तिच्याच नशिबी आलं होतं. समजावून झालं, रागावून झालं, भावाला फोन लावून झाला. आई आपली ढिम्म. शेवटी तिने जुनं हत्यार काढलं. दाराशी जाऊन बसली, गुडघ्यांना मिठी मारली आणि तोंड फिरवलं. पन्नाशीची बाई रुसली.

आईने जेवायला हाक मारली. उत्तर नाही. ताट वाढून पुन्हा हाक मारली.

“वायरमन आला की जेवीन,” लेक भिंतीकडे बघत म्हणाली.

आईला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. “ये बाई,” ती म्हणाली, “बोलाव त्याला.”

वायरमन आला. त्याने आधी नाक वर करून हुंगलं आणि मेन स्विच पाडला. मग बोर्ड उघडला. आतला प्लग मागून काळाठिक्कर पडला होता, स्क्रू सैल होते. तो वायर हलक्या हाताने ओढायला लागला आणि मध्येच थांबला. वायरचं वरचं आवरण कधीकाळी तडकलं होतं, आणि त्या जागी राखाडी अस्तराची पट्टी गुंडाळून ती बारीक टाक्यांनी शिवून टाकली होती. पट्टीचं एक टोक जळून तांबूस झालं होतं.

“हे कोणी केलं?” वायरमनला हसू आवरेना. “वायरला कपडे शिवलेत.”

आई पुढे झाली. तिने ते कापड चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. “ह्यांची तुरपाई आहे,” ती म्हणाली. वायरमनचं हसू तिथेच थांबलं. टाके छान आहेत, तो हळूच म्हणाला, पण हे कापड पुरतं पेटलं असतं तर पलीकडे खाट आहे.

आईने दारातून पलीकडच्या खाटेकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्यावर भडकली. एवढा शहाणासुरता माणूस, वायरमनला बोलवायचं सोडून सुई-दोरा घेऊन बसला. फाटलं दिसलं की शिवायचं, दुसरं काही सुचायचंच नाही. माझ्या डोक्याशी निखारा शिवून ठेवला आणि मी त्याला माया समजत होते. ती बराच वेळ बोलत होती. बोलता बोलता रडायला लागली, तरी कापड काही हातातून सुटलं नाही. लेकीने तिला अडवलं नाही. इतक्या महिन्यांचं तुंबलेलं होतं, ते निघायलाच हवं होतं.

फ्रिजला वेगळा प्लग झाला, गिझरला वेगळी जाड वायर. चिमटेकाका गप्प झाले, लाजऱ्याने मान ताठ केली. काम संपल्यावर आईने दारामागचं नवं बटण सवयीने दोनदा दाबलं. दिवा लागला आणि लगेच विझला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आडवी झाली. पाठ भिंतीला टेकवली आणि तशीच पडून राहिली. लेक दारातून बघत होती. मग ती आली, खाटेवर चढली, आई आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून शिरली आणि आईच्या पाठीला पाठ लावून झोपली. खाट एकटीपुरती. दोघींचे खांदे एकमेकींना लागत होते.

“सरक गं रुसूबाई,” आई म्हणाली.

लेक हलली नाही. आईने दुसऱ्यांदा विचारलं नाही.