देवानंदची हजेरी

"हात नाही लावायचा! बिल्ट-इन आहे ते!" नरहरी सर खुर्चीतूनच ओरडले.

"पण सर, ते चुकीचं दाखवून राहिलं ना!"

"माझं फंक्शन चुकत नाही, मृणाल. तुमचं वापरणं चुकते."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. सर भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि कारखान्यांच्या हजेरीसाठी त्यांनी स्वतःची एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बनवली. भिलाईजवळच्या रसमड्याचे बरेच कारखाने तिच्यावर चालतात, माझं पोटही. पण तिच्यातली मूळ, 'बिल्ट-इन' फंक्शन्स सगळी कुलूपबंद. आत काय आहे ते दिसत नाही, आपलं काही जोडता येत नाही. पासवर्ड एकट्या सरांकडे.

त्यातलं 'दिवस' नावाचं फंक्शन रात्री बाराला तारीख बदलतं. आता भिलाईत शेंबडं पोरही सांगेल, की दिवस सकाळी सहाला, ए शिफ्टपासून सुरू होतो आणि रात्रीची सी शिफ्ट कालच्याच तारखेत धरतात. इतकं सगळ्यांना ठाऊक, की कॉम्प्युटरला सांगायचं कोणालाच सुचलं नाही. सरांनाही नाही!

भोगत होता देवानंद. रसमड्याच्या एका भट्टीवर तो कायम रात्रपाळीला. बाकीच्यांच्या पाळ्या बदलतात, त्यांचं खपून जातं. याचं येणं एका तारखेत, जाणं दुसरीत. म्हणून दोन्ही दिवस गैरहजर. रात्रभर भट्टीपुढे भाजून गैरहजर! आज संध्याकाळी मॅनेजर त्याला कामावरून काढणार होते.

"काहून बंद ठेवता, सर?" मी चिडून विचारलं.

"उघडलं तर सुपरवायझर लोकं हाजिरी खातीन. प्लांटमध्ये डोळ्यानं पाह्यलं मी."

"उघडं असलं तर खाल्लेली दिसन तरी! आता तुमचं फंक्शनच खाऊन राहिलं, अन् कोणाले दिसत नाही."

मला वाटलं, आता हाकलून देतात. पण सरांनी कीबोर्ड ओढला, एका बोटाने पासवर्ड टाकला आणि स्वतःचाच जुना कोड वाचत बसले.

"बारा," ते म्हणाले. "मी बारा लिहिलं? जन्मभर सी शिफ्ट केली अन्..."

"सरका, सर."

फंक्शन कोणालाही वाचता येईल असं मी उघडं केलं. दिवस कधी सुरू होतो ते ज्या त्या कारखान्याने सांगावं, अशी सोय केली. कोणी ते बदललं, तर त्याचं नाव सगळ्यांना दिसेल हेही जोडलं. देवानंदच्या कारखान्यासाठी सहा टाकले. त्याच्या नावापुढची गैरहजेरीची लाल खूण पुसली गेली. महिनाभर हजर. मला रडूच आलं, संतापाने.

सरांनी लगेच मॅनेजरना फोन लावून चूक सांगितली.

"अच्छा?" फोनमधून मॅनेजरांचा आवाज आला. "मगर उसका गेटपास तो सुबह ही ले लिया, सर. नया आदमी लग गया."

मग सरांनी माझ्याकडे देवानंदचा नंबर मागितला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"देवानंद, मी नरहरी. हाजिरी माझ्या चुकीनं गेली होती रे. तू हजरच होता."

"हो ना साहेब! मी तं बोंबलून सांगून राहिलो होतो!" त्याचा आवाज एकदम खुलला. "मंग आज रात्री येऊ ना कामावर?"

सरांनी फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.