ड्रायव्हरचं झाकण

मी दात बनवते. लोकांचे. डॉक्टर साचा पाठवतात, मी लॅबमध्ये बसून दाढ घडवते, आणि कुणीतरी अनोळखी माणूस त्या दाढेने पुढची वीस वर्षं मजेत चावत बसतो. बावीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे माझा हात हलत नाही आणि त्याचा मला गर्व आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्या गर्वानेच केला.

रविवार होता. दुपारचे तीन वाजले होते, पाचला आत्या येणार होती, आणि खिडकीजवळच्या टेबलावर तो रणगाडा उभा होता. खऱ्याच्या पस्तीस पट लहान, माझ्या हातभरही नाही. रंग लावायचा बाकी होता. सुटे भाग जोडून झाले होते, पण खरं काम त्यानंतरच असतं. पकडायच्या दांड्या तांब्याच्या तारेच्या, दिव्यांवरच्या जाळ्या पितळी पत्र्याच्या, वेल्डिंगचे सांधे पुट्टीचे आणि सुईने एकेक टोचा मारून उठवलेले. नटबोल्ट तर मी प्लास्टिकच्या काडीच्या चकत्या कापून एकशे चाळीस चिकटवले होते. अति तेथे माती म्हणतात ते काही खोटं नाही.

हा रणगाडा आतोबांचा. म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा. ते त्याचे ड्रायव्हर होते आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वी लढाईत त्यातच गेले. त्याच रणगाड्यात तोफेवर माझे बाबा होते. बाबांनीच आपला हा दोस्त धाकट्या बहिणीसाठी पसंत केला होता. लग्न चौदा महिने टिकलं. आता त्यांच्या रेजिमेंटने नवीन सभागृह बांधलंय, तिथे काचेच्या कपाटात हे मॉडेल ठेवायचं आणि आत्याच्या हस्ते द्यायचं, असं ठरलं होतं.

आत्या शिवणकाम करते. तिच्या दुकानात पाच मुली आहेत आणि पाचही तिला टरकून असतात, कारण अस्तर लावायच्या आधी ती प्रत्येक कपडा उलटा करून शिवण बघते. बघते म्हणजे चाचपते. बोटाला खटकलं की उसवून पुन्हा. मला फोनवर म्हणाली, “रंग म्हणजे अस्तरच गं. त्याच्या आधी मला दाखव. मी सगळं हात लावून बघणार, आधीच सांगते.”

त्यामुळे माझा जीव टांगणीला लागलेला, आणि त्यात बाबांची येरझार. तीन आठवडे हेच चाललं होतं. यायचे, मागे उभे राहायचे, भिंग लावलेल्या दिव्याखाली डोकावायचे, आणि म्हणायचे, “रंग लाव ना एकदाचा.”

“बाबा, आत्याला आधी बघायचंय.”

“तिला काय कळतंय त्यातलं?”

“तिला सगळ्यातलं कळतं. आणि तुम्ही उजेडातून बाजूला व्हा बघू.”

व्हायचे बाजूला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा हजर. मला वाटायचं, म्हातारपण. बहात्तर वर्षांचा माणूस, जुनी आठवण, हळवा झाला असेल. मेली अक्कल माझी.

रणगाड्याच्या बाजूला अडकवलेल्या फावड्याची कडी बसवायची राहिली होती. तांदळाच्या कणीएवढी. चिमट्यात धरली, आणि टिक्! उडाली. मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली टॉर्च मारतेय, बाबा वरून विचारतायत, “काय पडलं? झाकण पडलं का?” झाकणाचं काय घेऊन बसलेत, मला कळेना. वीस मिनिटं शोधली. शेवटी माझ्याच बाहीवर सापडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

साडेतीन झाले. कडी बसली. मग मी खुर्ची मागे सरकवून माझी करामत जरा डोळे भरून बघितली. ती करामत म्हणजे ड्रायव्हरचं झाकण. पुढच्या बाजूला, तोफेच्या नळीच्या जरा डावीकडे, नखाएवढं एक झाकण असतं. त्यातून ड्रायव्हर आत उतरतो आणि बाहेर येतो. लोक ते नुसतं चिकटवून मोकळे होतात. मी त्याला अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी नळीची खरी बिजागरी केली होती. उघडायचं, मिटायचं. चार संध्याकाळी गेल्या तिच्यात. वरचा टरेट, म्हणजे तोफेसकट फिरतो तो भाग, तोही मी मोकळा ठेवला होता. बोटाने ढकलला की फिरायचा.

तोफ अगदी नाकासमोर असली की रणगाडा शिक्षा केलेल्या पोरासारखा दिसतो. म्हणून मी टरेट जरासा डावीकडे वळवला आणि नळी थोडी खाली झुकवली. वा! जिवंत झाला. मग सुईच्या टोकाने झाकण उचललं, तर टक्. नळीला अडलं. पुन्हा उचललं. टक्.

बिजागरी चुकीच्या जागी बसली! दीड तास उरलेला, आत्या येऊन नेमकं त्यालाच बोट लावणार, आणि ते उघडणारच नाही.

“बाबा, इकडे या लवकर. हे झाकण उघडत नाहीये. माझं माप चुकलं का हो?”

बाबा आले, वाकले. टरेट कुठे आहे, नळी कुठे आहे, ते बघितलं. खुर्ची चाचपत खाली बसले. चेहऱ्याचा रंग पार उतरला होता.

“नाही चुकलं,” ते म्हणाले. “बरोबर आहे. तोफ तिथे असली की ते उघडत नाही.”

“म्हणजे खऱ्याचंही?”

“खऱ्याचंही. चिकटवून टाक ते.”

“वेड लागलंय का तुम्हाला? चार दिवस घासलेत मी त्याच्यावर.”

“चिकटव म्हणतोय ना!” ते ओरडले. बाबा माझ्यावर ओरडल्याचं मला तरी आठवत नाही. मग लगेच आवाज खाली आणला, जणू आत्या दारातच उभी होती. “बाहेर पडताना नियम असतो. तोफेवरच्या माणसाने आधी नळी ड्रायव्हरच्या डोक्यावरून बाजूला करायची. वीज गेली असली तर हाताने फिरवायचं चाक असतं. बारा फेरे लागले असते. जास्तीत जास्त बारा.”

मी सुई खाली ठेवली.

“गोळा मागे लागला होता, इंजिनला. आग पेटली. आम्ही तिघे वरून उड्या मारून निघालो. मी खाली वाळूत पडलो आणि मागे वळून बघितलं, तर नळी त्याच्या झाकणावर. मी चाकाला हातच लावला नव्हता. विसरलो. घाबरलो गं, नुसता घाबरलो.”

आणि आम्हाला घरात सगळ्यांना काय माहीत होतं? गोळा लागला, एका क्षणात गेले, काही कळलंसुद्धा नाही. हे वाक्य बाबांनीच आत्याला सांगितलं होतं. ती ते लोकांना सांगायची, दुकानातल्या मुलींना सांगायची. ‘एवढं एक बरं झालं,’ असं शेवटी जोडायची.

“ती त्या एका वाक्यावर जगलीय,” बाबा म्हणाले. “ती टरेट फिरवणार, झाकण उचलणार, मला विचारणार. मला खोटं बोलता येणार नाही. एकदाच आलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. चिकटव.”

मी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. टरेट सरळ ठेवला तर? आत्या फिरवणारच. टरेट चिकटवला तर? ‘हा का फिरत नाही’ विचारलं तरी तिला काही उलगडणार नाही, पण झाकण उघडलं की त्याची गोष्ट निघणार. मी बाबांचे हात बघितले. ते मांडीवर पडले होते. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? आतोबा मला आठवतसुद्धा नाहीत. पण डोळ्यांसमोर बाबाच होते.

मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सुईवर घेतला, झाकण मिटवलं आणि कडेने फिरवला. दहा सेकंद. चार संध्याकाळींचं काम दहा सेकंदांत बंद. मग टरेट सरळ केला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

साडेचारलाच बेल वाजली. ही बाई कधी वेळेवर येत नाही, नेहमी वेळेच्या आधी येते. तीन जिने, तिचे गुडघे, आणि लिफ्ट नाही, दारातच धापा टाकत म्हणाली, “दादा, तुझी ही पोरगी तळमजल्यावर घर का नाही घेत रे?”

“पाणी देऊ?” मी विचारलं.

“आधी गाडी दाखव.” ती त्याला रणगाडा कधीच म्हणत नाही. आतोबा गाडी म्हणायचे, म्हणून गाडी.

खुर्ची ओढून बसली. चष्मा लावला, मग काढून ठेवला, आणि हात पुढे केले. मागून सुरुवात केली. बोटं हळूहळू पुढे येत होती. सांधा, बोल्ट, दांडी, जाळी, काही सोडत नव्हती. बाबा कपाटाला टेकून उभे होते. मी बाबांकडे बघत नव्हते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. असे दोघे चोर मी जन्मात पाहिले नाहीत.

“टाका बारीक आहे,” आत्या वेल्डिंगवर बोट फिरवत म्हणाली. तिच्या तोंडून एवढं ऐकायला मुली वर्ष-वर्ष थांबतात.

तिने टरेट फिरवला. “अगंबाई, फिरतो!” लहान मुलीसारखी हसली. डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मग बोट पुढे उतरलं आणि झाकणावर थांबलं.

“हे त्याचं ना? इथून डोकं बाहेर काढून बसायचा. माझ्याकडे फोटो आहे.” तिने नख कडेला लावलं. झाकण हललं नाही. पुन्हा लावलं. “हे उघडत नाही?”

“नाही,” मी म्हणाले. “चिकटवलंय.”

“वरची दोन झाकणं तर उघडतात.”

“हे... जमलं नाही गं नीट.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी न जमलेलं काम तिला दाखवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक. मग पुन्हा गाडीकडे वळली आणि अगदी सहज, उसवलेल्या बाहीबद्दल विचारावं तसं म्हणाली, “मग तो बाहेर कुठून येणार?”

कपाटाचं दार वाजलं. बाबांचा तोल गेला होता, त्यांनी दाराला धरलं.

“आला नाही,” बाबा म्हणाले. “बाहेर आलाच नाही तो. माझ्यामुळे.”

“दादा?”

बाबा टेबलापाशी आले. बोटाने टरेट डावीकडे सरकवला, नळी खाली केली. “अशी होती. हे उघडत नाही मग. मी फिरवायला हवी होती. बारा फेरे. मी उडी मारली.” एवढं बोलले, आणि थांबतील असं वाटलं, पण थांबले नाहीत. “एका क्षणात नाही गेला. मी खोटं सांगितलं तुला.”

मला वाटलं, आता ही उठेल आणि मारेल त्यांना. मारावं, असंही वाटलं.

“किती वेळ?” आत्याने विचारलं.

“चार मिनिटं असतील. वर चढलो होतो पुन्हा. आत जाता येईना. हात भाजले.”

“ते हात मला इंजिनने भाजले म्हणून सांगितलंस.”

“हो.”

“आवाज येत होता त्याचा?”

बाबांनी मान हलवली.

“काय म्हणत होता?”

“तोफ फिरव म्हणत होता,” बाबा म्हणाले, आणि बहात्तर वर्षांचा माझा बाप तोंड झाकून रडायला लागला.

आत्या रडली नाही. तिने त्या नळीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, “एक्केचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले, त्याला कळलं नाही. मूर्खासारखी.” आवाजात असा संताप होता की मी मागे सरकले. “उघड ते,” मला म्हणाली.

“आत्या, तुटेल.”

“तुटू दे.”

मी पातं घेतलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात हलत होता. कडेने पातं घातलं, गोंद कडकडला, आणि झाकण बिजागरीसकट सुटून आलं. खाली एक काळं भोक राहिलं. आत्याने ते झाकण उचललं, तळहातावर घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं.

“हे मी नेते. नवीन करू नकोस. असंच रंगव.”

उठली. पर्स खांद्याला अडकवली. बाबांकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं. जिना उतरताना तिला हात लागतो, दर वेळी बाबा तिला खालपर्यंत सोडतात. मी धावत जाऊन चपला घालायला लागले.

“तू नको,” आत्या दारातून म्हणाली. “दादाला पाठव.”

बाबांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि अनवाणीच गेले. मी वर कठड्यापाशी उभी राहिले. पहिल्या वळणावर तिचा हात त्यांच्या दंडावर होता. दुसऱ्या वळणावर ती थांबली, तिथेच पायरीवर बसली, आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

“बस,” ती म्हणाली. “आता पहिल्यापासून सांग.”