बाटलीभर गंगा

“औषध अंगातून निघून जाईपर्यंत गर्दीत शिरायचं नाही, बाई. लेकरांपासून, गरोदर बायांपासून लांब राहायचं.”

मुंबईच्या डॉक्टरांचे हे शब्द वत्सलाबाई निफाडपासून जपासारखे घोळवत आल्या होत्या. गळ्यातल्या गाठीसाठी त्यांना किरणांचं औषध दिलं होतं. पण सिंहस्थाची पर्वणी बारा वर्षांनी येते, पुढच्या खेपेला आपण असू की नाही कोण जाणे! रामकुंडाच्या बरंच खाली, कुणी फिरकत नाही तिथं एक बुडी मारायची नि परतायचं, एवढाच त्यांचा हट्ट. टेंपोतसुद्धा त्या मागच्या फाळक्याशी एकट्याच बसल्या.

गंगेकडे, म्हणजे नाशकातल्या गोदावरीकडे, जायची वाट मात्र एकच होती आणि तिच्यावर पोलिसांची कमान. अतिरेकी अणुबॉम्बचं सामान गाठोड्यात लपवून नाशकात आणतील, अशी भीती होती त्या वर्षी. म्हणून कमानीला किरणं हुंगणारं यंत्र लावलेलं. वत्सलाबाई कमानीखाली आल्या आणि ते किंचाळायलाच लागलं.

माणसं पांगली. बंदुका वर आल्या.

“पिशवी खाली ठेवा! हात वर!” पोलिसांचे साहेब ओरडले.

त्यांनी निमूट पिशवी ठेवली. तेवढ्यात एक पोलीसबाई एकटीच पुढं निघाली. अंगावर खाकी साडी, पदराआड पोट जरासं पुढं आलेलं. वत्सलाबाईंची नजर त्या पोटावर गेली.

“जवळ येऊ नको!” घोगऱ्या आवाजात त्या किंचाळल्या. “मागं हो! माझ्या अंगात हाय ते!”

बंदुकांचे खटके वाजले. “साधना, मागं ये!” साहेब गरजले.

साधना जागीच थांबली, पण मागं सरली नाही. म्हातारीच्या डबडबल्या डोळ्यांकडे तिनं नीट पाहिलं. मग ओट्यावर बसून विचारपूस करावी तशी म्हणाली, “आजी, काय आहे अंगात?”

“औषध, बाई. गळ्याचं. पोटुशीजवळ जाऊ नको म्हणलेत डॉक्टर. तुझं लेकरू…”

साधनाचा हात पोटावर गेला. वळून ती म्हणाली, “साहेब, बंदुका खाली घ्या. ही बाई मला वाचवतेय.”

यंत्रवाल्यानं छोटं यंत्र पिशवीवरून फिरवलं, मग गळ्याशी धरलं. “किरणांचं आयोडीन आहे. दवाखान्यातलंच.”

साहेबांनी घाम पुसला. “आजी, पर्वणीच्या दिवशी माझ्या हातून पाप घडवलं असतं तुम्ही!”

“चुकलंच माझं. कडेवर लेकरं घेऊन चालल्यात बाया. मी नाय जात आता पुढं.” वत्सलाबाई म्हणाल्या खऱ्या, पण डोळे गंगेकडेच लागले होते.

ते साधनानं पाहिलं. “मी आणते गंगा. लांबच ठेवीन, तुम्ही अंगावर शिंपडून घ्या.”

“पिशवीतल्या माझ्या तांब्याला हात नको लावू हां.”

“माझी बाटली आहे की.”

“अगं, एवढ्या गर्दीत? अशा अंगानं?”

“पोलिसाला वाट देतात लोक, आजी.”

“मला तर तुझ्याहून जास्त दिली!”

साधना खळखळून हसली. साहेबांनी मान हलवून परवानगी दिली. वत्सलाबाई वाटेला बांधलेल्या दोराच्या कडेला, सगळ्यांपासून लांब बसल्या आणि एवढ्या लोकांत एकटी पुढं आलेल्या त्या पोरीकडे हात जोडून बघत राहिल्या. साधनानं बाटलीतलं पाणी रस्त्याकडेच्या झाडाला घातलं, बूट काढून कमानीशी ठेवले आणि अनवाणी पायांनी ती घाटाच्या पायऱ्या उतरू लागली.