खारूची वजाबाकी

"हजर बाई!"

फ्रिजच्या मागे डोकं घालून बसलेला मेकॅनिक एवढ्या जोरात ओरडला, की घरमालकीण दचकली.

"मला म्हणालात?"

"नाही हो ताई, वर्गात. आमच्या लेकीची दुसरी चालू आहे." त्याने एका कानातला हेडफोन दाखवला आणि परत डोकं आत घातलं.

शाळा बंद होती आणि वर्ग रोज सकाळी फोनवर भरत होता. मेकॅनिकच्या घरात धड चालणारा फोन एकच, आणि तेच फ्रिजवाल्याचं दुकान. गिऱ्हाईकं त्याच नंबरवर बोलवायची. फोन घरी ठेवावा तर धंदा बसतो, सोबत न्यावा तर पोरीची शाळा बुडते. शेवटी त्याने आपल्या डोक्याने तोड काढली. शाळेत आपणच जायचं आणि संध्याकाळी घरी येऊन लेकीला शिकवायचं.

पहिल्या दिवशी त्याचा 'हजर' ऐकून बाईंनी काळजीने विचारलं होतं, "आवाज का गं बसलाय? सर्दी झाली?"

"बाई, मी तिचा बाप बोलतोय."

सगळा वर्ग खिदळला. बाईंनी हसू दाबलं. "बसा मग. पण तो हातोडा जरा बाजूला ठेवा, सगळ्यांना ऐकू येतोय."

तेव्हापासून तो नेमाने बसत होता. त्याची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. त्यामुळे हे दुसऱ्यांदा दुसरीत बसणं त्याला मनापासून आवडायला लागलं. गिऱ्हाईकाच्या ओट्याखाली बसून तो कविता पुटपुटायचा. बायको म्हणायची, "अहो, नापास होऊ नका म्हणजे मिळवली. चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

लेकीला घरात खारू म्हणत, कारण एकही पेन्सिल तिच्या दातांतून सुटत नसे. मराठी, परिसर, पाढे, बापाने आणलेलं सगळं ती पटापट उचलायची. घोडं अडलं ते वजाबाकीपाशी.

त्या दिवशी बाई हातच्याची वजाबाकी शिकवायला लागल्या आणि नेमका तेव्हाच फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे त्याच्या हातून कलंडला. सगळ्या स्वयंपाकघरात पाणी. गिऱ्हाईक डोक्याशी उभं. त्याने फोन खिशात टाकला आणि फडकं मागितलं. लादी पुसून होईपर्यंत बाई गृहपाठ सांगत होत्या. त्याला फारसं वाईट वाटलं नाही. वजाबाकीच ना? ती तर आपल्याला येते. शाळेतून जे थोडंफार घेऊन तो बाहेर पडला होता, त्यात ही वजाबाकी होती.

संध्याकाळी त्याने पाटीवर बावन्न लिहिले, खाली सत्तावीस. "दोनातून सात जात नाहीत. मग वरच्याला दहा द्यायचे. बारातून सात गेले, पाच. आता वरच्याला दिलं तर खालच्यालाही द्यायला नको का? म्हणून खालच्या दोनाशेजारी बारीक एक. दोन नि एक तीन. पाचातून तीन गेले, दोन. झाले पंचवीस. कुणाला उपाशी ठेवायचं नाही, कळलं?"

खारूने मान डोलावली. पुस्तकातली चित्रंही तिने नीट पाहून ठेवली होती.

गृहपाठाचा फोटो गेला आणि सगळी गणितं चूक होऊन परत आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाप आधी समजावत होता, मग त्याचा पारा चढला. "अगं, लक्ष कुठे आहे तुझं? मी इथे घसा कोरडा करतोय!"

खारू रडली नाही. तिने पाटी पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "बाबा, उद्यापासून माझी हजेरी नका लावू. मी ढ आहे."

हेच वाक्य चौथीत असताना तो आपल्या आईला म्हणाला होता, आणि आईने ते खरं मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात बसला, पण त्याचं लक्ष लागेना. संध्याकाळी त्याने स्वतःच बाईंना फोन केला. "बाई, पोरगी शाळाच नको म्हणतेय. माझं शिकवणं कमी पडतंय का तिचं डोकं, एकदा सांगून टाका."

"मी तुम्हाला फोन करणारच होते," बाई म्हणाल्या. "तिचं प्रत्येक उत्तर बरोबर दहाने कमी येतंय. ज्याला येत नाही त्याची उत्तरं वाटेल तिकडे जातात. ही काहीतरी मन लावून करतेय. तुम्ही कसं शिकवलंत, जरा म्हणून दाखवा."

त्याने बावन्नातून सत्तावीस म्हणून दाखवले.

"ही जुनी रीत. माझ्या वडिलांचीही हीच. आता आम्ही वरच्या पाचातली दहाची एक जुडी सोडतो, पाचाचे चार करतो आणि खालच्याला हात लावत नाही. पुस्तकात तेच चित्र आहे."

"मग माझं चूक?"

"नाही हो. तुमचं बरोबर, पुस्तकाचंही बरोबर. तिने दोघांचंही ऐकलं. वरचा कमी केला आणि खालचा वाढवला."

लेकीने कुणाचाही शब्द खाली पडू दिला नव्हता, आणि त्यासाठीच त्याने तिला झापलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाई म्हणाल्या, "चूक माझीही आहे. घरी कोण कसं शिकवतंय हे मी विचारायला हवं होतं. आता पालकांना रोज विचारत जाईन. आणि उद्यापासून माझा धडा आवाजात भरून संध्याकाळी पाठवते, तेव्हा फोन घरी असतो ना? तिलाच ऐकू दे. तुम्ही शिकवायचं नाही. तिने तुम्हाला शिकवायचं."

"म्हणजे मी सकाळी वर्गात यायचं नाही?"

"नाही आलात तरी चालेल," बाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंचा धडा आला. खारूने तो दोनदा ऐकला. बापाच्या पिशवीतल्या, तारा बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या तिने दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि त्याला समोर बसवलं.

"खारू, परवा मी ओरडलो, ते चुकलं माझं. तू ढ नाहीस. तू जास्तच ऐकलंस."

"बरं. आता गप्प बसा आणि इकडे बघा." तिने एक जुडी सोडून पट्ट्या त्याच्यापुढे पसरल्या. "ही जुडी सुटली, म्हणून वरचा एक कमी. खालच्याला काही करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"मग करा." तिने पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. त्रेसष्ट, खाली अठ्ठावीस.

त्याने तेरातून आठ घालवून पाच लिहिले. मग खडू आपसूक खाली गेला आणि दोनाशेजारी बारीक एक उमटला. खारू नुसती बघत राहिली. त्याने तो एक अंगठ्याने पुसला, नीट निघाला नाही म्हणून थुंकी लावून पुन्हा पुसला, आणि वरच्या सहाचे पाच केले.