सातव्या कुळाचा चेहरा

मी एक लाकडी ठसा बोलतोय. शिसवीचा, तळहाताएवढा, पुस्तकात चित्र छापण्याचा. माझ्यावर एका माणसाचं तोंड आहे. ते राक्षसाचं म्हणून कोरलं गेलं.

मी नुसता लाकडाचा तुकडा होतो तेव्हापासून बळीरामला ओळखतो. भालकीच्या एका छापखान्यात तो ठसे कोरायचा. खटकचिंचोळीचा माणूस, पण हैदराबादला एका उस्तादाकडे त्याचा हात बसलेला. छापखान्याचे मालक जगदेवप्पा बिडीच्या पुड्यांची चित्रं, जत्रेच्या जाहिराती सगळं त्याच्याकडूनच करून घेत.

एका उन्हाळ्यात बळीरामच्याच गावचे नरहरराव मास्तर पोरांसाठी एक अद्भुतकथा लिहून घेऊन आले. तीत राक्षसांची सात कुळं होती. मास्तर समोर बसून एकेक कूळ सांगत आणि बळीराम कागदावर पेन्सिल फिरवी. पहिलं कूळ वीज पडलेल्या चिंचेच्या बुंध्यातून निघालेलं, म्हणून त्यांच्या अंगाला साल. दुसरं मांजरा नदीच्या डोहात पडलेल्या ताऱ्यापासून झालेलं. त्यांना पापण्याच नाहीत, झोपतात तेही टक्क उघड्या डोळ्यांनी. तिसरं एका ऋषीच्या जांभईतून बाहेर पडलं, ते तेव्हापासून उपाशीच. बळीरामला हे काम फार आवडलं. घरी बायकोला, भागाबाईला, तो एकेका राक्षसाची नक्कल करून दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात हसत हसत सांगायचा.

सहा ठसे झाले. सातव्यासाठी त्याने मला फळीवरून काढलं, घासून गुळगुळीत केलं. मास्तर सांगू लागले, की हे कूळ गावाबाहेर, नाल्याच्या खालच्या अंगाला राहतं. मेलेली ढोरं ओढतं. सृष्टी घडवून झाल्यावर देवाने हाताचा मळ झटकला, त्यातून ते जन्मलं.

बळीरामची पेन्सिल थांबली. त्याच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ढोरं ओढणं सोडलं होतं. त्यावरून गावाने विहीर बंद केली, मजुरी बंद केली, आणि ते सगळं मास्तरांनी आपल्या ओसरीवरून पाहिलं होतं.

"शिंगं हैत का ह्यांना?" त्याने विचारलं.

"नाहीत."

"सुळे?"

"तेही नाहीत. माणसासारखेच दिसतात. म्हणून तर सगळ्यांत वाईट."

"मग ओळखायचं कसं?"

"वस्तीवरून," मास्तर म्हणाले.

बळीरामने मला बाजूला ठेवलं. हा मजकूर काढा, नाहीतर ठसा होणार नाही, असं त्याने सरळ सांगितलं. मास्तर म्हणाले, ही कल्पनेची गोष्ट आहे, तू कशाला अंगाला लावून घेतोस. मग आवाज चढला. धर्म बदलला म्हणून जन्म बदलत नाही, हेही ते बोलून गेले.

बळीराम उठून उभा राहिला. "जन्माचं तुमी आत्ता नव्हं, पिढ्यान् पिढ्या सांगायलाव, मास्तर. ह्या बारीला ते माझ्याच हातानं कोरून पायजे व्हय तुमाला?"

जगदेवप्पांना शाळा उघडायच्या आत पुस्तक हवं होतं. त्यांनी बळीरामचा हिशोब केला आणि त्याला घरी पाठवलं.

मग बिदरहून सोमशेखर आला, दुकानाच्या पाट्या रंगवणारा, छापखान्यात पूर्वीही येऊन गेलेला. सातव्या कुळाचा राक्षस कसा काढू, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "इथं आधी जो बसायचा, त्याला पाहिलंयस ना? तोच काढ." सोमशेखरने मान खाली घातली आणि मला कोरलं. जाड भुवया, पसरट नाक, गालावरचा व्रण. हात कच्चा होता, तरी तोंड ओळखू येत होतं.

पुस्तक शाळेत गेलं. पुढचं मला भागाबाईच्या बोलण्यातून कळलं. बळीरामची लेक सुमन तिसरीत होती. वर्गातल्या मुलींनी ते पान उघडून तिच्या पुढ्यात धरलं. घरी येऊन ती फक्त बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मग ती त्या शाळेत गेली नाही. रस्त्याने चालताना बळीरामला लोक 'सातवा' म्हणू लागले.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी यंत्राजवळ ठेवलेला असताना बळीराम छापखान्यात आला. मास्तर खुर्चीत बसून मुद्रितं तपासत होते. त्याने सरळ मला उचललं.

"ठेव ते. चोरी आहे ही," मास्तर म्हणाले.

"जावा पोलिसांत," बळीराम म्हणाला. "तिथं लिहून द्या, कुणाचं तोंड चोरीला गेलं ते."

मास्तर जगदेवप्पांकडे बघू लागले. जगदेवप्पांनी यंत्राचा पट्टा पुसायला घेतला. बळीराम मला मुठीत धरून बाहेर पडला. पोलिसांत कुणी गेलं नाही. दुसरी आवृत्ती सहाच चित्रांची निघाली, मजकूर मात्र तसाच राहिला.

बळीरामने मला जाळलं नाही, दुरुस्तही केलं नाही. पेटीत टाकून ठेवलं. पुढे तो कमलनगरच्या बाजूला सुतारकीला जायचा. पण त्याने आपलं तोंड पुन्हा कुणाला काढू दिलं नाही. लेकीच्या लग्नात फोटोवाला आला, तर हा मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला.

गेल्या वर्षी तो वारला. भिंतीवर लावायला घरात त्याचा एकही फोटो नव्हता. सुमन आता शिवणकाम करते. तिने पेटी उपसली आणि मी तिच्या हाती लागलो. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. मग आईला म्हणाली, की छापून घेऊ, नाक थोडं सुधारून घेऊ, दुसरं काय आहे आपल्याकडं?

भागाबाईने मला तिच्या हातातून घेतलं. "हे तुझ्या बापाचं तोंड न्हाई. मास्तराला दिसलं ते हाय. भिंत मोकळी राहू दे."

सुमन रडली, पण तिने ऐकलं. तिच्या शिलाई यंत्राच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली तिने मला पालथा सारला. दिवसभर वर सुई चालते आणि मी मातीत नाक खुपसून पडलेला असतो.

वाचकहो, कधी ते टेबल हललं आणि मी तुमच्या हाती लागलो, तर मला पुसून, शाई लावून कागदावर उमटवू नका. बळीराम कसा दिसायचा हे विचारायचं असेल, तर भागाबाई अजून आहे. तिला विचारा. ती डोळे मिटून सांगते.