काखेतली लांब्रुस्को

नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी, भर सकाळी, प्रोफेसर अमेदेओ ग्रिबाउदो मांतोव्हाच्या भाजीचौकातून डाव्या काखेत वाइनची बाटली धरून चालला होता. दंड बरगड्यांना घट्ट चिकटलेला, खांदा किंचित वर, पावले जपून टाकलेली. लांबून पाहणाऱ्याला हा गृहस्थ नुकताच एखाद्या झटक्यातून उठला असावा असे वाटले असते. समोरून येणाऱ्या दोन बायकांनी तसे वाटून त्याला वाट करून दिलीही. अमेदेओला मात्र आपण उष्णतेच्या देवाणघेवाणीचा एक सुबक प्रयोग पार पाडत आहोत याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. शंका घेणे हा त्याचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. त्या दिवशी ती जिथे हवी होती, नेमकी तिथेच आली नाही.

तोरिनोच्या प्रयोगशाळेत त्याने उभी हयात वाइन तपासण्यात घालवली होती. तिचे आम्ल, तिचा तुरटपणा, तिच्यातला वायू हे सर्व त्याने मोजले होते. प्यायला मात्र तो जेवणापुरतीच. डोळे बांधले की भलेभले दर्दी कुठली बाटली कुठल्या गावची ते सांगू शकत नाहीत, हे सिद्ध करणारा त्याचा निबंध एके काळी गाजला होता. गाजला म्हणजे, दर्दी लोकांनी त्याला जेवायला बोलावणे बंद केले होते.

अशा माणसाला आज जेवायला बोलावणे होते, आणि त्या जेवणावर त्याची उरलेली वर्षे अवलंबून होती. पत्नी जाऊन बराच काळ लोटल्यावर तो गुडघ्यांसाठी गरम चिखलाच्या उपचारांना गेला होता. चिखलावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. पण शेजारच्या खाटेवर गळ्यापर्यंत चिखलात बुडालेली झाईरा नावाची, मांतोव्हात दुकान चालवणारी विधवा खळखळून हसताना दिसल्यापासून त्याने एकही दिवस चुकवला नाही. उलट मुक्काम वाढवून घेतला. गुडघे होते तसेच राहिले. शरद ऋतूत एकदा त्याने फोनवर धीर करून विचारले होते, की पुढची वर्षे एकत्र काढता येतील का.  पलीकडून झाईरा म्हणाली होती, "सवड काढून सणाला इकडे या. आमच्या घरी, आमच्या पद्धतीनं जेवा. मग सांगते."

बाटली काखेत घालण्याची कल्पना झाईराच्या भावाची होती. लेआर्को हा दातांचा डॉक्टर. लोकांचे तोंड उघडे असताना बोलण्याची त्याला इतकी सवय, की कोणी उत्तर देऊ शकते हेच तो विसरला होता. आदल्या दिवशी स्टेशनवर तोच उतरवून घ्यायला आला आणि कमानींखालच्या एका दुकानात लांब्रुस्को, ही तिकडची फेसाळ तांबडी वाइन, निवडताना त्याने पाहुण्याला शहाणे करून सोडले.

"उद्या तोर्तेल्ली असणार. भोपळा भरलेले, पास्त्याचे. सारणात आम्ही कडक बदामी बिस्किटं कुटून घालतो, आणि मोहरीच्या झणझणीत पाकातली फळं. वर लोणी आणि चीज."

"एकाच घासात भोपळा, बिस्किट, मोहरी आणि चीज," अमेदेओ समजूतदार हसला. "डॉक्टर, मी तोरिनोहून आलोय, चंद्रावरून नाही."

"बरं. आणि सुरुवातीला, जेवायला बसायच्या आधी, गरम सुपात लांब्रुस्को ओतून उभ्यानं प्यायची. शेगडीजवळ, टेबलाकडे पाठ करून."

"पाठ करून. अर्थातच."

लेआर्कोने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग आवाज खाली आणून, अगदी गंभीरपणे म्हणाला, "एक मात्र खरंच सांभाळा. लांब्रुस्को थंडगार आणायची नाही. आमच्याकडे पाहुणा ती डाव्या काखेत धरून चालत आणतो. डाव्या बाजूला हृदय, म्हणजे रक्ताचा पुरवठा जास्त, म्हणजे उष्णता एकसारखी मिळते. पोचेपर्यंत बरोबर पंधरा अंश."

यावर अमेदेओचा तत्काळ विश्वास बसला. कारण यात तपमान होते. हॉटेलच्या खोलीत त्याने काचेची जाडी, कोटाचे अस्तर आणि बाहेरची थंडी हिशेबात घेऊन चालण्याचा वेग काढला. रक्ताचा पुरवठा त्याने किरकोळ म्हणून सोडून दिला. आपण मूळ विधान न तपासता त्याचे गणित फक्त तपासले, हे त्याच्या ध्यानात आले नाही. असल्या चुकीसाठी त्याने पूर्वी विद्यार्थ्यांना नापास केले होते.

दार झाईरानेच उघडले. पिठाचे हात, गालावर शेगडीची लाली. तिने आधी त्याच्याकडे, मग त्याच्या दंडाकडे पाहिले.

"अहो, हाताला काय झालं?"

"काही नाही. पंधरा अंश," अमेदेओ म्हणाला आणि एखादे अंडे उबवून काढावे तशी बाटली काढून तिच्या हातात दिली.

आतून हसण्याचा असा काही स्फोट झाला की भिंतीवरच्या बश्या वाजल्या. लेआर्को खुर्चीच्या पाठीला धरून वाकला होता. "आणली! काखेत आणली! मावशी, बघा, संपूर्ण चौकातून आणली यांनी!"

"कोणी, या लंगड्यानं?" शेगडीजवळ बसलेल्या आर्जियामावशीने विचारले. नव्वदीला टेकलेल्या या बाईंचे कान तल्लख होते आणि जिभेवर कसलाही निर्बंध नव्हता.

"लेआर्को, लाज वाटते का तुला?" झाईरा म्हणाली, पण तिचेही ओठ थरथरत होते. प्रकरण झाकावे म्हणून तिने घाईने बूच काढले. गुडघेदुखीच्या चालीने वाटभर हेलकावलेल्या आणि कोमट झालेल्या लांब्रुस्कोने वायूच्या विद्राव्यतेबद्दल जे काही सांगायचे ते एका दमात सांगितले. जांभळा फेस आधी छताला, मग टेबलक्लॉथला आणि शेवटी लेआर्कोच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला. एवढाच काय तो न्याय झाला.

अमेदेओ हसला. हसणे भाग होते. पण आतल्या आत त्याने एक निश्चय केला: आज पुन्हा नाही.

टेबलक्लॉथ बदलला गेला. झाईराने शेगडीवरच्या पातेल्यातून कोंबड्याचे वाफाळते सूप लहान वाडग्यांत घेतले. प्रत्येकात मांस भरलेल्या इवल्याशा पुरचुंड्या, आन्योली, तरंगत होत्या. मग तिने आपल्या घरातली लांब्रुस्कोची बाटली उचलली आणि चांगली सढळ हाताने सुपात ओतली. सोनेरी सूप विटक्या जांभळ्या रंगाचे झाले. आर्जियामावशी काठी टेकत उठली, टेबलाकडे पाठ करून शेगडीपाशी उभी राहिली आणि वाडगा तोंडाला लावला. लेआर्कोने तसेच केले. उरलेला वाडगा जुना होता, काठाशी टवका उडालेला. तो झाईराने दोन्ही हातांत धरून अमेदेओसमोर केला.

"आता तुम्ही."

अमेदेओने तिघांकडे पाहिले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"शाबास! नाही, खरंच शाबास. मावशींनाही सामील करून घेतलंत! पण एका दिवशी एकच हं, डॉक्टर. माणसाला दुसऱ्यांदा बनवायचं तर निदान जेवण होऊ द्यावं."

कोणीही हसले नाही. 

"हा काय म्हणतोय?" आर्जियामावशीने विचारले.

"प्रोफेसर," लेआर्कोचा चेहरा उतरला होता, "हे खरं आहे. शप्पथ."

त्या खोलीत साक्ष द्यायला हा एकच माणूस पुढे आला, आणि त्याचीच साक्ष सकाळपासून बाद झालेली होती. अमेदेओने त्याच्याकडे बोट हलवले.

झाईराने वाडगा खिडकीजवळच्या थंड फळीवर ठेवला. "बाबा यातून प्यायचे," ती शांतपणे म्हणाली. "त्यांच्यानंतर कोणाला दिला नव्हता. बसा, जेवण निवेल."

तो बसला. आपण काहीतरी मोडले आहे एवढे त्याला कळले. पण काय मोडले, आणि तो नाटकाचाच पुढचा भाग तर नाही ना, हे त्याला ठरवता येईना. झाईरा वाढत होती, पण त्याच्याकडे न पाहता. समोर तोर्तेल्ली आले. लेआर्कोही गप्प होता, आणि ही सर्वांत भीतिदायक गोष्ट होती.

अमेदेओने त्यांतला एक तोंडात टाकला. आधी भोपळ्याचा गोडवा आला. मग बदामाची कडसर चव. मग, शांतपणे चावत असताना, मोहरी थेट नाकात चढली आणि डोळ्यांतून बाहेर आली. वर लोणी आणि चीज होतेच, आणि या सगळ्यांचे आपसांत उत्तम चालले होते.

त्याने काटा खाली ठेवला.

"झाईरा, यात बदामी बिस्किटं आहेत?"

"आहेत."

"आणि मोहरीच्या पाकातली फळं?"

"असतातच. त्यात काय?"

काल ऐकलेल्या तीन विधानांपैकी एक खोटे ठरले होते, आणि तेवढ्यावरून त्याने उरलेली दोन्ही कायमची निकालात काढली होती. आता त्यांतले एक त्याच्या नाकात ठणकत होते. तिसरे फळीवर निवत होते. त्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला हे एव्हाना समजले असते.

तो उठला, गुडघे कुरकुरले. फळीवरचा वाडगा त्याने दोन्ही हातांत घेतला. सूप पार थंड झाले होते; वर चरबीची पांढुरकी साय धरली होती आणि तिच्याखाली पुरचुंड्या बुडून पडल्या होत्या.

"आता?" मावशी म्हणाली. "जेवणाच्या मधेच?"

"अहो, ठेवा ते," झाईरा म्हणाली.

पण त्याने टेबलाकडे पाठ केली आणि वाडगा तोंडाला लावला. चरबी टाळूला चिकटली, तुरटपणा तिच्यावर जाऊन बसला, आन्योली घशाशी अडखळल्या. तो थांबला नाही. वाडगा रिकामा करून, तोंड पुसून तो वळला.

"कसं होतं?" झाईराने विचारले. आज प्रथमच ती त्याच्याकडे रोखून पाहत होती.

तिच्या मागून लेआर्को जिवाच्या आकांताने खुणा करत होता: छान म्हणा, छान म्हणा.

"भयंकर," अमेदेओ म्हणाला. "इतकं वाईट मी प्रयोगशाळेतही काही चाखलेलं नाही, आणि तिथं एकदा चुकून ब्रश धुतलेलं पाणी प्यायलो होतो. पण नमुना मीच खराब केला. दोष सुपाचा नाही. तुमच्या वडिलांचा तर नाहीच."

लेआर्कोने डोळे मिटून घेतले. आर्जियामावशी खोकल्यासारखे काहीतरी करू लागली. ते हसू होते.

"गेल्या वर्षी झाईराला मागणी घालायला एक औषधवाला येऊन जेवून गेला," मावशी कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली. "करपलेल्या केकलासुद्धा वा वा करत होता. हिनं त्याला तसाच वाटेला लावला."

झाईरा आता उघडपणे हसत होती, चिखलात बुडाली असताना हसायची तशी. "थंड झाल्यावर ते मांजरसुद्धा पीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही अख्खं संपवलंत?"

"अर्धवट प्रयोगाला अर्थ नसतो."

तिने त्याच्या हातातून वाडगा घेतला, पातेल्याखालचा जाळ मोठा केला. सूप उकळल्यावर तिने तोच वाडगा भरला, आणि स्वतःसाठी दुसरा. लांब्रुस्को दोन्हींत सढळ पडली.

"पी आता, गरम आहे तोवर," ती म्हणाली आणि टेबलाकडे पाठ करून त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. "तू गुडघे घेऊन इकडे यायचं की मी दुकान विकून तिकडे, ते सावकाश ठरवू. आपण काही पळून जाण्याच्या अवस्थेत नाही."

अमेदेओ प्यायला. वाफेने चष्मा पांढरा झाला आणि त्याला काही दिसेनासे झाले. गरम सुपात आंबट, फेसाळ वाइन विरत जाते तेव्हा नेमके काय घडते याबद्दल त्याच्याजवळ तीन गृहीतके तयार होती. दुसऱ्या घोटाला त्यांतले एकही आठवेना. टेबलाकडे पाठ केली की तोंड कोणाला दिसत नाही, ही या पद्धतीची सोय त्याला तेवढी कळली.

"डॉक्टर," तो न वळता म्हणाला, "ही लांब्रुस्को किती अंशांवर आहे?"

"शप्पथ, मला ठाऊक नाही," मागून लेआर्को म्हणाला.

अमेदेओच्या ताटात उरलेले तोर्तेल्ली तोवर आर्जियामावशीने संपवले होते.