बेसिनची उंची

सासऱ्यांनी जुन्या बेसिनखाली बादली सरकवली आणि पान्यानं सांडपाण्याच्या नळीवरचा बॉटल ट्रॅप सैल केला. काळपट पाण्याची धार बादलीत पडली. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची बेसिनं जोडली होती. लेकीच्या घरातलं हे बेसिनही लग्नानंतर त्यांनीच बसवलं होतं. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता ते काढून तिथं कपाटासकट नवं बसवायचं होतं. जावई दाराशी बॅटरी धरून उभा होता.

भिंतीतला पाइप उघडा पडला, तसा सासऱ्यांचा हात थांबला.

“इथं कुणी हात घातला होता?”

“तिनंच. ठिबकत होतं. म्हटलं, बाबांना बोलावू. तर म्हणाली, प्लंबरच्या पोरीनं प्लंबर बोलवायचा? लोक हसतील.”

सासरे हसल्यासारखे झाले. आट्यांवरची पांढरी टेप उलट्या दिशेनं गुंडाळलेली होती. डावखुरी पोर. शंभरदा सांगूनही टेप अशीच गुंडाळायची, आणि नट आवळताना ती सुटत यायची.

“म्हणून गळत राहिलं,” ते म्हणाले.

एरवी त्यांनी ती ब्लेडनं कापून काढली असती. आज नखानं टोक शोधून एकेक वेढा सोडवत बसले. मग टेप बादलीत टाकली आणि आटे फडक्यानं पुसून घेतले.

जुनं बेसिन निघालं. सासरे मापपट्टी आणि पेन्सिल घेऊन भिंतीशी उभे राहिले.

“हे मी जरा खालीच बसवलं होतं. तिच्या मापानं.”

सासऱ्यांनी मापपट्टी फरशीपासून वर ओढली.

“त्यांची उंची किती?”

“कुणाची?”

“घरात येणार आहेत त्यांची.”

बॅटरीचा उजेड भिंतीवरून फरशीवर उतरला.

“आज सांगणारच होतो, बाबा. सकाळपासून तोंडच उघडत नव्हतं.”

“तुमच्या आईंचा फोन आला होता परवा. चांगलं झालं. एकट्यानं किती दिवस काढणार माणूस? उंची सांगा.”

जावयानं हात स्वतःच्या कानाशी नेला.

“इथपर्यंत.”

सासऱ्यांनी जुन्या खुणेच्या चार बोटं वर रेघ ओढली.

कपाट भिंतीला लागलं, त्यावर बेसिन बसलं. बेसिन वर गेल्यामुळे जुना पाइप अपुरा पडला. त्यांनी नवा कापून घेतला, कपाटात डोकं घालून आडवे झाले, वॉशर बसवला आणि नट फिरवू लागले.

“त्यांना सांगून ठेवा, पाना लावायचा नाही. हातानं आवळेल तेवढंच. जास्त आवळलं की वॉशर फाटतो.”

“गळलं तर तुम्हालाच फोन करीन.”

“करा.”

“आणि...” जावई घुटमळला. “यापुढंही बाबाच म्हणू ना?”

कपाटात नट आणखी एकदा फिरला.

“नळ सोडा,” सासरे म्हणाले.

जावयानं नळ पूर्ण सोडला. पाणी नव्या पाइपातून खळखळत उतरलं. सासऱ्यांनी सांध्याखालून बोट फिरवलं. कोरडं होतं. मग पुन्हा फिरवलं. तरी ते बाहेर आले नाहीत. त्यांचे पाय फरशीवर तसेच लांब पडलेले होते आणि अंग मधूनच गदगदत होतं.

जावयाचा हात नळापर्यंत गेला आणि परत आला. त्यानं पाणी वाहू दिलं.